नऊ हजार कान

कमांडर दीपश्री मेतर हिच्या टेबलावर मुख्यालयाचं जे पत्र येऊन पडलं, त्यात वाचण्यासारखी दोनच वाक्यं होती. आडबंदर तळाची जबाबदारी पूर्वीप्रमाणेच राहील, हे पहिलं. पुढची तीन वर्षं तळाला मिळणारा निधी एक तृतीयांशाने कमी राहील, हे दुसरं. उरलेली दोन पानं म्हणजे ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी बसवताना लिहिणाऱ्याला झालेला संकोच होता.

२०३८ साल होतं. दीपश्रीच्या ताब्यात एकशेदहा किलोमीटरचा किनारा होता आणि तीन गस्ती नौका. त्यातली एक नव्या इंजिनाची वाट बघत दीड वर्ष धक्क्यावर चढून बसली होती. देशाला पाणबुड्या हव्यात, उपग्रह हवेत, हे दीपश्रीला कळत होतं, आणि त्यात आडबंदरचा नंबर शेवटचा लागणार हेही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं. पण किनारा म्हणजे काही पाय नव्हे, आखडून घ्यायला.

अशा वेळी गोव्याहून डॉ. एल्विटा परेरा आली. समुद्रातल्या आवाजांचा अभ्यास हे तिचं काम. आली ती थेट तळाच्या कुंपणामागे गेली आणि एका काँक्रीटच्या खोपटाचं दार ढकलून उभी राहिली. आतून दोन शेळ्या बाहेर आल्या.

"मॅडम, तुमच्याकडे नव्वद किलोमीटर लांबीचा खजिना आहे," ती म्हणाली, "आणि त्यात तुम्ही शेळ्या बांधल्या आहेत."

तो खजिना म्हणजे इंटरनेटची एक जुनी केबल होती. किनाऱ्यापासून आठ-दहा किलोमीटरवर, किनाऱ्याला समांतर, समुद्राच्या तळाशी ती पडलेली होती. तिचं किनाऱ्यावरचं टोक त्या खोपटात निघत होतं. नवी केबल आल्यावर कंपनीने ती तशीच सोडून दिली होती. आडबंदरच्या मच्छीमारांना तिचा ठावठिकाणा तोंडपाठ होता, कारण तिच्यात अडकून जाळी फाटत.

एल्विटाने कल्पना सांगितली ती अशी. केबलमध्ये केसाएवढा काचेचा धागा असतो. त्यात एका टोकाने प्रकाशाचा क्षणभराचा ठिपका सोडला की तो पुढे धावतो. पण काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म खोट असतेच, आणि प्रत्येक खोटीवर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. आता समुद्रात कुठे आवाज झाला, समजा होडीचा पंखा फिरला, तर त्या थरथरीने केबल तिथे ताणली जाते. किती, तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्यानेही मागे फिरणारा प्रकाश बदलतो. तो परत यायला किती वेळ लागला यावरून आवाज कुठे झाला ते कळतं. दर दहा मीटरला एक, असे नव्वद किलोमीटरमध्ये नऊ हजार कान झाले. समुद्रात काहीच टाकायचं नाही. किनाऱ्यावरच्या टोकाला एक पेटी जोडायची, बस. पेटीची किंमत एका गस्ती नौकेच्या वर्षभराच्या डिझेलपेक्षा कमी होती.

दीपश्रीने त्याच आठवड्यात शेळ्यांची दुसरीकडे सोय केली.

पेटी सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी पडद्यावर चारशे बारा ठिपके उगवले. प्रत्येक ठिपका म्हणजे केबल ओलांडणारी एक होडी. त्यातली वाईट हेतूने आलेली कोणती, हे पेटी सांगू शकत नव्हती. पण प्रत्येक होडीचा आवाज वेगळा असतो. कुणाच्या पंख्याचं पातं टवकलेलं, कुणाचं इंजिन एका ठोक्याला अडखळणारं. हे आवाज एकदा नोंदवून घेतले की ओळखीच्या होड्या बाजूला काढता येतील आणि उरेल ती अनोळखी. परका ओळखायचा तर आधी घरातली माणसं ठाऊक हवीत, इतकी ही साधी गोष्ट होती. जिल्ह्यातल्या अकराशे होड्यांनी फक्त तळावर येऊन नोंदणी करायची होती.

सगळं सुरळीत झालंही असतं. पण रविवारी दीपश्री घरी जेवायला गेली.

तिचं घर बंदरावरच होतं. वडील भालचंद्र मेतर. पंचेचाळीस वर्षं 'भावई' नावाच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, म्हणून सगळे त्यांना भाल तांडेल म्हणत. मुलगी नौदलात कमांडर झाली तेव्हा त्यांनी बंदरभर पेढे वाटले होते आणि तिच्यासमोर मात्र "बरा झाला" एवढंच म्हटलं होतं. आई सुरमईचं तिखलं वाढत होती. दीपश्री खुशीत होती, आणि खुशीतच बोलून गेली, "बाबा, मंगळवारी खडपाकडे एवढो वेळ थांबलात आणि मगे परत कित्याक फिरलात? मासो नाय गावलो?"

भालचंद्रांनी हातातला घास ताटात ठेवला.

"खंयच्या खडपाकडे?"

दीपश्रीला आपली चूक कळली, पण शब्द तोंडातून गेला होता.

"ती जागा माझ्या आज्यान माझ्या बापाशीक दाखवल्यान," भालचंद्र म्हणाले. "बापाशीन माका. दोन डोंगर आणि देवळाचो कळस एका रेषेत इलो की खाली खडप. माझ्या सख्ख्या भावाक ठावक नाय. तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाय. केबलीन. 'भावई'चो आवाज मी वळाखतंय."

"म्हंजे सगळ्यांचाच कळता?"

ती खोटं बोलू शकली असती. "सगळ्यांचाच," ती म्हणाली.

भालचंद्र हात धुऊन उठले. त्या दिवसापासून त्यांनी मुलीशी बोलणं सोडलं. अगदीच अडलं तर आईमार्फत निरोप यायचा. "तुझो बापूस इचारता, छत्री हयसर विसारलीस ती तुझी की सरकारची?" असं आई फोनवर सांगायची आणि वर स्वतःचं म्हणून जोडायची, "दोघांच्या मधी माझो वायरलेस केल्यात तुमी."

मंगळवारपर्यंत बातमी सगळ्या बंदरांवर पोचली. नोंदणीला एकही होडी आली नाही. बुधवारी सकाळी आडबंदरच्या चाळीस होड्या निघाल्या त्या मासे धरायला नव्हेच. केबलच्या बरोबर वर जाऊन त्या गोल गोल फिरू लागल्या. पडद्यावर नुसता गोंधळ. मग काही जणांनी दोरीला धोंडे बांधून समुद्राच्या तळाशी आपटायला सुरुवात केली. एल्विटा कानाला हेडफोन लावून बसली होती. आधी तिचं कपाळ आक्रसलं, मग ती हसायला लागली.

"मॅडम, हे ऐका. हे लोक ठेका धरतायत."

दीपश्रीने ऐकलं. पन्नास मीटर पाण्याखाली, सरकारी उपकरणावर, कुणीतरी डबलबारीच्या, म्हणजे दोन मंडळांच्या सवाल-जवाबाच्या, भजनाचा ठेका वाजवत होतं, आणि किलोमीटरभर पलीकडून दुसरी होडी त्याला जबाब देत होती. रागावायला हवं होतं. पण ठेका चांगला होता. तिने तो शेवटपर्यंत ऐकला.

संध्याकाळी धक्क्यावर फेऱ्या मारताना तिने सगळं नीट मनात मांडून पाहिलं. मच्छीमारांचा राग खरा होता. मासळीची जागा हीच लहान होडीवाल्याची इस्टेट. ती यादी उद्या बड्या ट्रॉलरवाल्यांच्या हाती पडली तर एका हंगामात ही पाण्याखालची खडपं ओस पडतील. आणि नौदलाच्या बाजूनेही गणित तेच निघत होतं. आजवर परकी होडी दिसली की पहिली खबर मच्छीमारच देत आले होते. ते गप्प बसले तर नऊ हजार कान असून तळ बहिरा.

तिने एल्विटाला विचारलं, "ही पेटी ऐकते तसं विसरू शकेल का?"

"म्हणजे?"

"नोंदलेल्या होडीचा आवाज ओळखला की त्याच क्षणी तिची जागा पुसून टाकायची. पडद्यावर येण्याआधी. मलाही दिसता कामा नये."

"करता येईल. पण मग जुनी नोंद म्हणून काहीच उरणार नाही."

"तेच हवंय."

रिअर अ‍ॅडमिरल सरपोतदारांना हे रुचलं नाही. ते मुख्यालयातून फोनवर शांतपणे म्हणाले, "उद्या काही घडलं आणि चौकशी समितीने विचारलं, त्या दिवशीची नोंद कुठे आहे, तर?"

"नाही म्हणून सांगेन, सर. आणि ती मी का ठेवली नाही तेही सांगेन."

"मोठा धोका पत्करताय तुम्ही."

"धोका दोन्हीकडे आहे, सर. नोंद ठेवली तर होड्या येणार नाहीत, मग रोज चारशे अनोळखी ठिपके. माझ्या चालू नौका दोन. चारशेंच्या मागे धावले तर नेमकी हवी ती होडी निसटणार."

सरपोतदारांनी दोन्ही आकडे कागदावर लिहून घेतले. मग म्हणाले, "ठीक. मी परीक्षा घेईन. केव्हा, कशी, ते सांगणार नाही. माझी माणसं समुद्रातून येऊन तुमच्या किनाऱ्यावर पाय ठेवायचा प्रयत्न करतील. अडवलंत, तर तुमची केबल राहील आणि तिसऱ्या नौकेला इंजिन मिळेल. नाही अडवू शकलात, तर प्रयोग बंद आणि तुमची एक नौका मी मोठ्या बंदराकडे हलवतो. माझ्याकडेही नौका मोजक्याच आहेत, दीपश्री. जिथे उपयोग होईल तिथेच ठेवाव्या लागतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपश्री गणवेशात बंदरावर गेली आणि बर्फाच्या रिकाम्या खोक्यावर बसली. विसरणाऱ्या पेटीची गोष्ट तिने मालवणीतच सांगितली. भालचंद्र गर्दीच्या कडेला जाळं विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मशीन इसारता ह्येचो पुरावो काय?" मासे विकणाऱ्या बायकांची पुढारीण सुगंधा खवणेकर हिने विचारलं.

"तूच येऊन बस, सुगंधाकाकी. होये तितके दिवस."

सुगंधा खरोखरच आली. डबा घेऊन, चटई घेऊन. तीन दिवस ती नियंत्रण कक्षात पडद्यासमोर ठाण मांडून बसली, अधूनमधून एल्विटाला कोकमाचं सार पाजत. चौथ्या दिवशी तिने बंदरावर जाहीर केलं, "माझो भाचो होडयेचो आवाज नोंदवन रोज थंयसूनच जाता. तीन दिस डोळे फाडून बसलंय, पडद्यार तो कायएक दिसाक नाय. असलो सिनेमा मी जल्मात बघूक नाय."

त्यानंतर रांग लागली. डिसेंबर संपेपर्यंत अकराशेपैकी नऊशे होड्यांचे आवाज नोंदवून झाले. 'भावई' त्यात नव्हती.

जानेवारीच्या एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास पडद्यावर उत्तरेला एक वेगवान ठिपका उगवला. अनोळखी. दीपश्रीने पहिली नौका तिकडे पाठवली. वीस मिनिटांनी दक्षिणेला दुसरा तसाच ठिपका. दुसरी नौका धक्क्याला इंजिन सुरू ठेवून उभी होती. तिचा कप्तान वायरलेसवर हुकमाची वाट बघत होता.

"मॅडम, हे काय आहे?" एल्विटाने मध्येच विचारलं.

बंदराच्या समोर, केबलच्या अगदी वर, एक ठिपका चमत्कारिक वागत होता. केबल ओलांडायचा, परत यायचा, पुन्हा ओलांडायचा. इंजिन पूर्ण जोरात, मग एकदम मंद, पुन्हा जोरात. दारावर उभं राहून कुणी कडी वाजवावी तसं.

दीपश्रीने हेडफोन कानाला लावला. लहानपणी सुट्टीत याच आवाजावर जाळ्यांच्या ढिगात ती झोपलेली होती.

"हे बाबा आहेत," ती म्हणाली.

"ते तर तुमच्याशी बोलत नाहीत ना?"

"नाहीत. आणि तरी बोलतायत. वायरलेस असून तो वापरत नाहीत, म्हणजे तो दुसरं कुणीतरी ऐकेल अशी त्यांना भीती आहे."

भालचंद्रांच्या आसपास पडद्यावर समुद्र मोकळा होता. एकही ठिपका नाही. आणि त्याच क्षणी दीपश्रीच्या लक्षात आलं: मोकळा म्हणजे रिकामा नव्हे. तिथे नोंदलेली होडी असेल तर पेटी तिला ओळखून विसरली असेल. ओळखीच्या होडीत अनोळखी माणसं बसली, तर? हे भोक तिनेच ठेवलं होतं, विचारपूर्वक, सही करून.

दक्षिणेचा ठिपका झपाट्याने किनाऱ्याकडे सरकत होता. पडदा सांगत होता, तिकडे जा. एकच नौका, एकच फेरी. चुकलं तर केबलही गेली आणि एक नौकाही.

"दुसरी नौका बंदरासमोर," तिने वायरलेसवर हुकूम दिला. "'भावई'जवळ जी होडी असेल ती थांबवा."

ती होडी शेजारच्या बंदरातली होती, भाड्याने घेतलेली, रीतसर नोंदलेली. तिच्यात मच्छीमारांच्या वेशातले सहा नौदल कमांडो होते, आणि किनारा फक्त सहा किलोमीटरवर राहिला होता. उत्तरेची आणि दक्षिणेची वेगवान बोट ही नुसती हुलकावणी होती. कमांडोंच्या तुकडीचा प्रमुख लेफ्टनंट हात वर करून हसत उभा राहिला आणि ही परीक्षा असल्याचं त्याने सांगितलं. भालचंद्रांना परीक्षेबिरीक्षेचं काही माहीत नव्हतं. त्यांनी 'भावई' बाजूला लावली आणि त्या सहा जणांना फैलावर घेतलं.

"जाळ्याची घडी अशी घालतत? धोतर हा काय ता? दहा वाजले तरी जाळा कोरडा. एक पक्षी तुमच्या मागे नाय. होडी आमच्या वळखीची आणि माणसां बघूक गेल्यार सगळी पाठीचो कणो ताठ ठेवन बसलेली. मच्छीमार असो बसता?"

लेफ्टनंटने खिशातून वही काढून हे सगळं लिहून घेतलं.

दुपारी सरपोतदार हेलिकॉप्टरने उतरले. नियंत्रण कक्षात त्यांनी घटनाक्रम दोनदा ऐकला. भालचंद्रांनाही बोलावून घेतलं होतं. ते दाराशी टोपी हातात धरून उभे होते.

"तुमच्या यंत्राने ती होडी ओळखली आणि सोडून दिली," सरपोतदार दीपश्रीला म्हणाले. "मी तुम्हाला नापास करायला हवं."

"यंत्र चुकलं, सर. ही चूक माझ्या निर्णयातून आली, तेही मान्य. होडी भाड्याने दिली तर मालकाने कळवायचं, असा नियम आजपासून करतोय. पण ती होडी बघणारा माणूस समुद्रावर होता, आणि आम्हाला सांगावं असं त्याला वाटलं. सगळ्या नोंदी ठेवल्या असत्या तर त्याला तसं वाटलं नसतं."

सरपोतदार भालचंद्रांकडे वळले. "तांडेल, तुम्ही नोंदणी केली नाहीत. मुलीशी अबोला धरलात असंही कळलं. मग आज का सांगितलंत?"

भालचंद्रांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "साहेब, चेडवार राग आसा तो घरचो. समुद्रार तो कित्याक काढू? आणि सुगंधान सांगल्यान, पडद्यार कायएक दिसत नाय. सुगंधा फुकट कोणाचा बरा सांगणारी नाय."

सरपोतदार हसले. फोन उचलून त्यांनी कुणाला तरी सांगितलं, "आडबंदरच्या तिसऱ्या नौकेचं इंजिन. हो, याच महिन्यात. या तळाचा जो नव्या नौकेचा प्रस्ताव पडून आहे, तो दोन वर्षं पुढे ढकला, इथे तिची घाई उरलेली नाही."

धक्क्यावर खलाशांनी तिसऱ्या नौकेला आधीच घासायला सुरुवात केली होती.

सोमवारी सकाळी नोंदणीच्या रांगेत भालचंद्र मेतर उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. त्यांच्यामागे उरलेले दोनशे जण, कारण तांडेल जातो म्हटल्यावर कुणालाच मागे राहायचं नव्हतं. दीपश्री स्वतः नियंत्रण कक्षातल्या टेबलाशी बसली होती.

"नाव?" तिने विचारलं.

"तुका ठावक नाय?"

"फॉर्मात लिहूचा लागता, बाबा."

"भालचंद्र रामा मेतर," ते म्हणाले, सत्तर दिवसांनंतर सरळ तिच्याकडे बघत. "जेवाक येणार मां रविवारी? आवस कटाळली निरोप सांगान."

"येतंय."

एल्विटाने त्यांना हेडफोन लावून दिला. त्यांचा पुतण्या 'भावई' घेऊन केबलवरून जात होता. आपल्याच होडीचा आवाज पाण्याखालून कसा येतो, हे भालचंद्रांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "डाव्या पात्याचो टवको वाजता," ते समाधानाने म्हणाले. "बरोबर. ता माका सुकाणूर हात ठेवल्यार कळता."

होडी निघून गेली. ते हेडफोन काढणार, तोच एल्विटाने हात वर केला.

"काका, थांबा. काढू नका."

दूरवरून काहीतरी येत होतं. आधी खोल, घशातल्या घशात, मग लांबत लांबत वर चढणारं, आणि वरच्या टोकाला पोचून पुन्हा सावकाश खाली उतरणारं. तीच ओळ पुन्हा. मग तिसऱ्यांदा, थोडी बदलून.

"ह्या कोण?" भालचंद्रांनी कुजबुजत विचारलं.

"देवमासा," एल्विटा म्हणाली. "नर आहे. थंडीत गातात ते. इथून तीस-एक किलोमीटरवर असेल. या किनाऱ्यावर फार थोडे उरलेत. मी सहा वर्षं याची वाट बघतेय."

भालचंद्रांनी पंचेचाळीस वर्षांत देवमाशाची पाठ दोनदा पाहिली होती. तो गातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी हेडफोनची एक बाजू कानावरून काढली, मुलीला जवळ बोलावलं आणि ती तिच्या कानाला लावली. एका बाजूला बाप, एका बाजूला लेक, डोकी टेकवून दोघं ऐकत राहिली. एल्विटा डोळे पुसत होती आणि पडद्याकडे बघून हसतही होती.

बाहेर रांग चुळबुळू लागली. "भाल तांडेल, झोपलास काय थंय?" कुणीतरी ओरडलं.

भालचंद्रांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गप रवा रे. आत गाना चालू आसा. एकेकान येवा, पायतणां भायर काढा."

त्या दिवशी नोंदणी दुपारी दोनपर्यंत बंद राहिली. दोनशे मच्छीमार, तळावरचे झाडून सगळे खलाशी, स्वयंपाकी आणि निरोप ऐकून बंदरावरून धावत आलेली सुगंधा खवणेकर, एकेक जण अनवाणी आत येऊन, ऐकून बाहेर जात होता. मुख्यालयाला रोज जाणाऱ्या अहवालात 'कामकाजात खंड पडल्याचं कारण' असा एक रकाना असतो. दीपश्रीने जरा वेळ विचार केला आणि जे घडलं ते तसंच लिहिलं.

उत्तर तासाभरात आलं. खाली रिअर अ‍ॅडमिरल सरपोतदारांची सही होती आणि वर एकच ओळ: ध्वनिमुद्रण मुख्यालयाकडे ताबडतोब पाठवावे, इकडेही रांग लागली आहे.